भाऊजींचा फसलेला प्रयोग

आपली निराशा करणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण इतक्या उत्साहानं निराशा करणारा माणूस माझ्या धाकट्या दिराखेरीज दुसरा जन्मला नसेल. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जुईनगरच्या नव्या सोसायटीत नुकते राहायला आलो होतो आणि भाऊजी आमच्याकडेच असत. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात इंजिनियर. पण नोकरी ते नुसती उरकायचे, जगायचे ते शनिवार-रविवारी. त्या दोन दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या मुलांचा त्यांचा विज्ञानवर्ग भरे. सामान कुठलं? माझ्या घरातलं! इस्त्री, मिक्सर, ट्रान्झिस्टर, सगळ्यांची आतडी त्या हॉलमध्ये बाहेर निघाली. "अहो, मिक्सर चांगला चालत होता!" म्हणून मी कपाळाला हात लावला, तर म्हणतात, "म्हणूनच उघडला, वहिनी. बंद पडलेला काय, कोणीही उघडतो." आता बोला!

वर्गाची रीतही जगावेगळी. ज्याचा प्रयोग फसेल त्यानं तो का फसला हे नीट सांगायचं, की भाऊजी त्याला पेढा देणार. ज्याचा जमला त्यानं हात चोळत बसायचं. शेजारची मुलगी एकदा वर्गातून रडत घरी गेली. का, तर तिची विजेची घंटा पहिल्याच झटक्याला वाजली. सोसायटीतल्या आया मला जिन्यात गाठून विचारत, "अहो, दहावीला असं फसून चालेल का?" मी काय सांगणार, कप्पाळ!

आणि दहावीवरूनच घोडं अडलं. एका कोचिंग क्लासवाल्यानं शनिवार-रविवारी हॉल मागितला आणि कमिटी लगेच पाघळली. सेक्रेटरी त्यातल्या त्यात भला. म्हणाला, "रविवारी पोरांचं काहीतरी चालवून दाखवा, साहेब. चाललं तर हॉल तुमचा." पण भाऊजी मुलांना यातलं अवाक्षर बोलले नाहीत. "त्यांना कशाला टेन्शन?" म्हणे. इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाइनची नळी घेऊन त्यांनी स्वतः एक क्रेन केली. इकडची सिरिंज दाबली की नळीतल्या पाण्याच्या जोरानं तिकडचा दांडा वीट उचलणार. शनिवारी तिनं वीट अशी अलगद उचलली, की मी देवापुढे साखर ठेवली.

रविवारी कमिटी खुर्च्यांवर बसली. भाऊजींनी सिरिंज दाबली. वीट ढिम्म. पुन्हा दाबली. ढिम्म! भाऊजी घामाघूम, आणि पोरं आपली खुदुखुदु हसतायत. "राहू द्या साहेब," म्हणत सेक्रेटरी उठला, त्याच्यामागून सगळी कमिटी चालू पडली. तेवढ्यात वर्गाला जवळच्या सारसोळे गावातून येणारी एक कोळ्यांची मुलगी पेढा घेऊन पुढे आली.

"आमीच नलीतला पानी काडला, सर. तुमचा परयोग कंदी फसंच नाय, मंग तुमाला पेढा कसा भेटल?"

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडायलाच हवं होतं! भाऊजींनी पेढा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं विचारलं, "का फसला, ते सांगा." पोरांनी घडाघडा सांगितलं: पाणी दबत नाही म्हणून जोर पुढे पोचतो, हवा आपली स्वतःच दबून बसते. इतकं चोख उत्तर, आणि ऐकायला समोर नुसत्या खुर्च्या.

घरी आल्यावर मी तणतणले, "जा ना, सांगा त्या सेक्रेटरीला, काय झालं ते!"

"मग पोरांना कळेल, वहिनी," ते म्हणाले, "हॉल कशामुळे गेला ते."

मुलांना त्यांनी कारखान्यात ड्युटी वाढल्यानं वर्ग बंद, असं सांगितलं. मुलांना ते खरंच वाटलं.

पुढच्या शनिवारी हॉलमधून व्याख्या घोकल्याचा आवाज येत होता. चार वाजता, वर्गाच्या वेळेला, भाऊजी कडक कपडे करून बाहेर आले, दारात बसून बूट चढवले आणि मग तसेच बसून राहिले. जरा वेळानं, ज्या माणसानं उभ्या जन्मात बाजाराचं तोंड पाहिलं नव्हतं, तो मला विचारता झाला, "वहिनी, बाजारातून काही आणायचंय का?"

घरात भरपूर होती, तरी मी कोथिंबीर सांगितली.