तिसऱ्या चाकावरच्या खाचा

माझ्या दादाला या धंद्यातले सगळे मायक्रॉन म्हणतात. मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि तेवढा फरक आपल्या बोटांना कळतो अशी याची बढाई. तीस वर्षं तो साचे बनवतोय, अठरा वर्षं मी शेजारी ग्राइंडिंगला. आमचं वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या आणि भावाबहिणीची भांडणं. दादा एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

त्याची नजर जात चालली होती. मला मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही. डायलवरचे आकडे वाचताना तो मान तिरकी करू लागला, कारण समोरचं त्याला मधोमध धूसर दिसायचं. मग माप घ्यायचं व्हर्निअर माझ्यापुढे धरून म्हणायचा, "वाच गं, किती आहे? तुझी परीक्षा घेतोय." मी मुकाट्याने परीक्षा द्यायचे. धातू कापायच्या त्या मिलिंग मशीनपासून उठवला असता तर हा माणूस संपला असता, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

आमचं जुनं मशीन पार थकलं, तेव्हा आम्ही वापरलेली युरोपियन मशीनं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. मी तक्ता करून नेला होता: काम बसवायचं टेबल केवढं, कापणारं डोकं किती कलतं, सुटे भाग मिळतात का. दादाने तक्त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याची रीत जुनी. डोळे मिटायचे, टेबल सरकवायचं चाक उलटं फिरवायचं, आणि टेबल हलण्याआधी चाक किती ढिलं जातं ते तळव्याने ओळखायचं.

"झेक मशीन दणकट आहे, पण स्क्रू झिजलाय," तो म्हणाला.

जर्मन मशीन मला फार आवडलं. त्याला आकडे दाखवणारा पडदाही होता. दादाने मान तिरकी करून आकडा मोठ्याने वाचला, आणि चुकीचा वाचला. व्यापारी हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू तिथेच विरलं.

कोपऱ्यात एक स्विस मशीन धूळ खात उभं होतं. दादाने त्याच्या चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"इकडे ये. हात लाव."

चाकावरच्या डायलच्या कडेला कुणीतरी कानशीने खाचा मारल्या होत्या. दर दहा रेघांना एक बारीक खाच, शून्यावर एक खोल. न बघता, नुसत्या बोटांनी माप कळावं म्हणून. टेबल आडवं सरकवणाऱ्या दोन्ही चाकांवर खाचा होत्या. टेबल वर-खाली करणारं तिसरं चाक मात्र गुळगुळीत.

"एकाच कारागिराचं मशीन," व्यापारी म्हणाला. "शेवटी आंधळा झाला होता म्हणे. अंथरुणावर पडल्या पडल्या एकच घोकायचा, एक चाक राहिलंय, एक चाक राहिलंय. घरच्यांना काही कळलं नाही."

दादा म्हणाला, "हेच घ्यायचं." मी तक्ता चुरगळून पर्समध्ये कोंबला.

मशीन आलं आणि दादाचा हात पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला. फक्त उंची लावायची वेळ आली की हाक यायची, "वाच गं, परीक्षा!" आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज जरा खाली जायचा.

सकाळी वर्कशॉप मी उघडते. चावी एकच, ती माझ्याकडे असते. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या चाकाखाली चिमूटभर लोखंडाचा कीस दिसला. आदल्या संध्याकाळी मी स्वतः झाडलं होतं. आपल्याच झाडण्यात कसर राहिली असेल म्हणत मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कीस. रोज तेवढाच, चिमूटभर. दादाला बोलले नाही. दिवसा माझी पाठ वळली की हाच कानस चालवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मला फारशी पटत नव्हती.

मग एक दिवस हाक आलीच नाही. दादाने कापून झालेला जॉब आणून माझ्या हातात ठेवला. मी मोजला, उंची अगदी बरोबर.

"खाचा छान मारल्यास गं," तो म्हणाला. "म्हणजे माझ्या डोळ्यांचं तुला माहीत होतं तर. मी उगाच इतके दिवस मनात ठेवून कुढत बसलो." आणि माझा दादा, कुणापुढे न वाकणारा, ढसाढसा रडला.

मी तिसऱ्या चाकावर बोट फिरवलं. दर दहा रेघांना एक, शून्यावर खोल. पण खाचा ताज्या नव्हत्या. त्यांच्या कडा बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या, आत तेलाचा जुना काळा थर.

"मारल्यास ना तूच?" दादाने डोळे पुसत विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "दुसरं कोण मारणार?"

त्यानंतर कीस कधी दिसला नाही. मी मात्र आता रोज सकाळी कुलूप काढण्याआधी दारावर टकटक करते.