साच्यावर माणूस

लालबागच्या मसाल्याच्या डंकावर मिरची कुटायला लागले की तो ठसका मला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या जुन्या गाळ्यात नेऊन बसवतो. गिरणीच्या संपात नोकरी गेलेले आमच्या चाळीतले काका एका दुपारी तिथे पंच्यात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आले. तो त्यांच्या मुलीचा होता. ती वैमानिक होती, आणि महिन्यापूर्वीच तापाचं निमित्त होऊन गेली होती. तिच्या प्रत्येक उड्डाणाची नोंदवही त्यात होती, पण ती उघडत नव्हती. दोष नेहमीचाच होता. प्रोग्रॅम बंद न करता लॅपटॉप मिटला, की कुलपाची एक छोटी फाईल मागे राहते आणि कॉम्प्युटरला वाटतं, वही अजून कुणीतरी वापरतंय. "काय सांगता रे ता?" काकांनी पडद्यावरच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. मी गाढवासारखं वाचून दाखवलं, "वही दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे, त्यांचं काम संपेपर्यंत थांबा." खाली तिचं नाव होतं. मी ती फाईल पुसायला गेलो, तर काकांनी माझं मनगट धरलं. "थांब. साच्यार माणूस आसताना दुसऱ्यान हात लावूचो नाय." साचा म्हणजे गिरणीतला माग, त्यावर दिवसपाळी-रातपाळी करत त्यांची उमर गेली होती. ते स्टूल ओढून बसले. हळूच म्हणाले, "पाळी कदी सुटतली तिची?" मी लॅपटॉप तसाच मिटून त्यांच्या हातात दिला. कुलूप काढणं दोन मिनिटांचं काम होतं. आता काकाही नाहीत, पण त्या लॅपटॉपच्या लेखी ती अजून वही उघडून बसलेली असेल.