दापितानचे डॉक्टर

दोह्यातल्या एका खाजगी डोळ्यांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं काम करते. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, ऑपरेशनआधीची मापं घ्यायची, हे माझं काम. त्यातली सहा वर्षं माझ्याबरोबर एकच फिलिपिनो नर्स आहे. मी तिला सिस्टर म्हणते, ती मला मॅम. एका डब्यात जेवतो म्हटलं तरी चालेल. माझी थालीपीठं तिला आवडतात, तिचा व्हिनेगरातला भात-मासा मला वासानंच नको होतो. एवढी ओळख. ती कुठल्या गावची, हे मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते.

गेल्या हिवाळ्यात तिची आई व्हिजिटवर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हडकुळी, ताठ बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. सिस्टरनं डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवलं होतं. अडत होतं फक्त आईपाशी. बाई ऑपरेशनला तयार नव्हती.

सकाळची वेळ होती. बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब घालून मी तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं. अर्धा तास तरी थांबायचं होतं, म्हणून मीही तिच्याशेजारी फॉर्म भरत बसले. सिस्टर तिला ‘नानाय’ म्हणते, म्हणजे आई. म्हणून मीही नानायच म्हटलं. तिला थोडं इंग्रजी येत होतं, उरलेलं सिस्टर सांगत होती.

“नानाय, पंधरा मिनिटांचं काम आहे. घाबरायचं कशाला?”

“घाबरत नाही. पण आमच्या गावात डॉक्टरांनी स्वतःच्या आईचे डोळे केले होते. ती बाई त्यांचंच ऐकेना. मुलगा म्हणतोय, पट्टीला हात लावू नकोस, आणि हिनं स्वतःच्या हातानं सोडून टाकली. डोळा सुजला. डॉक्टर इतके वैतागले! मीही तशीच आहे. मी पट्टी ठेवणार नाही.”

मला हसू आलं. नातेवाइकांचे डोळे तपासणं म्हणजे काय शिक्षा असते, ते मला चांगलं माहीत आहे. म्हटलं, “चांगले दिसतात तुमचे डॉक्टर.”

“चांगले?” ती म्हणाली. मग जे सुरू झालं ते थांबेना. डॉक्टरांनी गावात पाणी आणलं. डोंगरातल्या झऱ्यापासून बांबूचे नळ जोडून, दगड-विटा रचून, हाताशी पोरं घेऊन. चौकात जमिनीवर अख्ख्या बेटाचा नकाशा मातीनं उभा केला, डोंगर-नद्यांसकट. कोळ्यांना जाळी टाकायची नवी रीत शिकवली. पोरांना फुकट शिकवायचे. फी म्हणून बागेत काम करायचं. गरिबाकडून काही घेत नसत. परदेशातून लोक बोटीनं डोळे दाखवायला यायचे. एक म्हातारा आंधळा आला, त्याच्याबरोबर त्यानं सांभाळलेली तरुण मुलगी होती. ती परत गेली नाही, डॉक्टरांकडेच राहिली. पाद्री लग्न लावेना. मूल झालं, दिवस भरायच्या आधीच. काही तास जगलं.

“कुठे पुरलं, ते नक्की कुणालाच माहीत नाही,” नानाय म्हणाली आणि हातातला रुमाल गुडघ्यावर सरळ करत बसली.

मला त्या डॉक्टरांबद्दल खरोखर वाईट वाटलं. भला माणूस, लहान गावात राहून सेवा करतोय. म्हटलं, “मग ऑपरेशन त्यांच्याकडेच का नाही करून घेतलं? रिटायर झाले का?”

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. नानायला प्रश्न नीट कळला होता.

“नाही,” ती म्हणाली. “गोळ्या घातल्या त्यांना.”

मी लिहीत होते. लिहीतच राहिले बहुतेक. पाच मिनिटांपूर्वी जो माणूस आईवर वैतागत होता, त्याला गोळ्या?

“कुणी?”

“सरकारनं.”

“कधी?”

नानाय विचारात पडली. सिस्टर हळूच म्हणाली, “मॅम, शंभराच्या वर वर्षं झाली. स्पॅनिश लोकांचं राज्य होतं. ते आमचे राष्ट्रीय नायक आहेत. नाण्यावर आहेत. प्रत्येक गावात पुतळा आहे. दापितान म्हणजे आमचं गाव, तिथे त्यांना हद्दपार करून ठेवलं होतं, चार वर्षं.”

“मग नानाय असं का बोलतात, जणू काल...”

“तिचे आजोबा त्यांच्या शाळेत होते. पाण्याच्या नळाला विटा वाहिलेल्या. तिला सगळं आजोबांच्या तोंडून माहीत आहे.”

शंभर वर्षं म्हटल्यावर धक्का ओसरायला हवा होता. ओसरला नाही. माझ्यासाठी तो माणूस पाच मिनिटांपूर्वीच मेला होता.

मग उरलेलं मीच विचारून घेतलं. गुन्हा काय? कादंबऱ्या लिहिल्या, राज्यकर्त्यांना झोंबल्या. पळून का गेले नाहीत? समुद्र समोरच होता, सोडवायला लोक यायला तयार होते. त्यांनी नको म्हटलं. शब्द दिला होता म्हणे. शेवटी स्वतःच सरकारला अर्ज केला की दूर क्युबात तापाची साथ आहे, मला तिथे डॉक्टर म्हणून पाठवा. परवानगी मिळाली. निघाले तेव्हा गाव किनाऱ्यावर रडत उभं होतं. आणि अर्ध्या वाटेत, बोटीवरच, त्यांना अटक करून परत आणलं. बंड झालं होतं, त्याचा ठपका त्यांच्यावर. पस्तीस वर्षांचे होते.

“गोळ्या घातल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांची आई भेटायला गेली,” नानाय म्हणाली. “मिठी मारू दिली नाही. पहारेकरी म्हणाले, लांबून बघ. तिचे ते डोळे मुलानंच केले होते ना. आजोबा इथपर्यंत आले की पुढे बोलत नसत.”

मग सिस्टरनं माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

“मॅम, तुम्ही डावा डोळा लिहिलाय.”

ऑपरेशन उजव्याचं होतं. नऊ वर्षांत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती. पुढे तीन ठिकाणी तपासणी होते, ती चूक पकडली गेलीच असती, पण मी अर्धा तास बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत होते.

नानाय तयार झाली ती माझ्यामुळे नाही. लेकीनं तिला सांगितलं, “तू पट्टी सोडलीस तर माझी नोकरी जाईल.” हे खोटं होतं, पण लागू पडलं. तीन दिवसांनी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लेकीला काहीतरी म्हटलं. सिस्टर हसू दाबत होती. “ती म्हणतेय, मॅम आवाजावरून तरुण वाटल्या होत्या.”

घरी, अल दुहैलला, मी हे सगळं जेवताना सांगितलं. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटवरून बसनं दमून आला होता, तरी ऐकत राहिला. म्हणाला, “आमच्या शिफ्टला सतरा फिलिपिनो आहेत. एकालाही मी काही विचारलेलं नाही.” मुलगी म्हणाली, “बट मम्मा, हाउ डिड यू नॉट नो?” तिच्या वर्गातल्या फिलिपिनो मैत्रिणीनं त्यांच्यावर प्रोजेक्ट केला होता म्हणे.

नानाय परत जायच्या आदल्या दिवशी डबा घेऊन आली. निघताना तिनं विचारलं, “तुमच्याकडेही परक्यांचं राज्य होतं ना? तुमच्या लोकांना कुठे पाठवायचे?”

मी उत्साहानं अंदमान सांगितलं. समुद्र, काळकोठडी, कोलूला जुंपणं.

“त्यांच्या आया भेटायला जायच्या?”

मला माहीत नव्हतं. शाळेत इतकी वर्षं ते धडे वाचले, निबंध लिहिले, बक्षीसही मिळवलं. पण आया कुठे होत्या, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नानाय माझ्या उत्तराची वाट बघत होती, तिच्या नव्या स्वच्छ नजरेनं, आणि मी म्हटलं, विचारून सांगते.

शुक्रवारी नाशिकला वडिलांना फोन लावला. त्यांना वाटलं, पोरीला काही झालं. मी नानायचा प्रश्न विचारला. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, “थांब, चष्मा घेतो. पुस्तकं काढून बघायला लागेल.”