सातव्या ड्रायरची हाक

१८ नोव्हेंबर १९८९, शनिवार. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या अल्डर हार्बर गावी 'रौटियो लाँड्री'त दिवसाचा गल्ला एक्केचाळीस डॉलर पंचवीस सेंट झाला. डरेल पिकेटनं ड्रायरचे पंचाहत्तर सेंट दिले असते, तर बेचाळीस पुरे झाले असते. पण डरेलच्या खिशात गिटारची तार होती, अर्धं सँडविच होतं, नाणं एकही नव्हतं. शेवटी लाँड्रीच्या मालकीणबाई आइनो रौटियो यांनी गल्ल्यातली तीन नाणी काढली आणि आपल्याच हातानं सातव्या ड्रायरमध्ये टाकली.

"सोमवारी देतो, मिसेस रौटियो. शप्पथ!"

"कुठल्या सोमवारी, ते आधी सांग."

डरेलच्या बँडचं नाव होतं 'ओला कुत्रा', आणि पोरं नावाला जागणारी होती. लाकूडतोडे घालतात तसले जाड चौकड्यांचे शर्ट तिघेही घालत. करवत मात्र एकानंही कधी हातात धरलेली नव्हती. अल्डर हार्बरला पावसापायी ऑक्टोबरपासून जूनपर्यंत बाहेर काही वाळत नाही, त्यामुळे शर्टांना वास यायचा तो यायचाच. पुढं न्यूयॉर्कच्या दुकानांत तसलेच शर्ट अव्वाच्या सव्वा किमतीला विकले जाऊ लागले, तेव्हा आइनोनं चौकशी केली होती, की वास किमतीत धरलाय का वेगळा पडतो.

ड्रमवाल्या पोराच्या आईनं तिघांना गोंगाटापायी तळघरातून हाकललं होतं. आइनोचा नवरा वारल्यापासून लाँड्रीची मागची खोली रिकामीच होती. यंत्रांच्या घरघरीत पोरांचा गोंगाट खपून जाईल, या हिशोबानं तिनं ती दिली. शिवाय गोंगाट करणाऱ्यांबद्दल तिला जरा आपुलकी होती. त्याचं कारण चर्चमध्ये होतं.

आइनोला चर्चच्या गायकवृंदात गायचं होतं. पोरवयापासूनची तिची तेवढी एकच हौस. आवाज असा, की ती धक्क्यावर उभी राहून हाक मारायची आणि खाडीच्या तोंडाशी असलेला नवरा बोटीवर दचकायचा. पण वृंदाचे प्रमुख ऑर्विल स्टेन्सरुड यांनी पहिल्याच तालमीनंतर तिला बाजूला घेतलं होतं.

"आइनो, तुमची श्रद्धा फार मोठी आहे."

"आणि आवाज?"

"तोही. म्हणूनच म्हणतो, तुम्ही नुसते ओठ हलवा."

तेव्हापासून आइनो मागच्या रांगेत उभी राहून दर रविवारी मन लावून ओठ हलवत होती. एकदाच, फक्त एकदाच, त्या छताखाली आवाज मोकळा सोडायला मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं.

तर त्या शनिवारी ड्रमवाला आलाच नाही. डरेलनं शर्टांबरोबर आपला एक भिजलेला बूटही सातव्या ड्रायरमध्ये कोंबला होता. यंत्र फिरू लागलं. धप्प... धप्प-धप्प... धप्प. डरेलनं कान टवकारले.

"ए, हाच! हाच ठेका! तो टेपरेकॉर्डर चालू कर!"

दोघांनी गिटारी उचलल्या. डरेल दाताखाली शब्द चावत गाऊ लागला. गाणं कशाबद्दल आहे ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. बुटाचा ठेका, गिटारींचा खरखराट, सगळं रंगात आलं आणि सातव्या ड्रायरची शिट्टी वाजली. ही शिट्टी चिरकलेली होती, बदकाची मान पिरगळावी तशी. ती वाजली, की आइनो पुढच्या खोलीतून हाक द्यायची. गेली कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायची तीच.

"वाळलंऽऽ रे! न्या आताऽऽ!"

टेपरेकॉर्डर चालूच होता. दुसरी टेप विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून हाक तशीच राहिली. सिएटलच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीला ती टेप मिळाली, आणि कंपनीला गाण्यापेक्षा हाकच जास्त आवडली. गाण्याचं नावच 'न्या आता' ठेवलं गेलं. वर्षभरात ते रेडिओवर वाजू लागलं, मग देशभर, मग समुद्रापार. मात्र ऐकणाऱ्या झाडून सगळ्यांना 'वाळलं'च्या जागी 'जळलं' ऐकू आलं.

जळलं रे, न्या आता! तरुण पोरं डोळे मिटून हे ओरडू लागली. एका प्राध्यापकानं लिहिलं, की ही तोडलेल्या जंगलाची किंकाळी आहे. एका जर्मन माणसानं ती ओळ पाठीवर गोंदवून घेतली. डरेलला विचारलं, की तो गूढ हसायचा. काय सांगावं ते सुचत नसलं, की तो तसाच हसत असे.

रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफी पिताना स्टेन्सरुड म्हणाले, "सैतानाचा आवाज कसा असतो, ते आता मला कळलं."

आइनोनं वेलदोड्याच्या पावाचा मोठा घास तोंडात भरला. बोलली असती, तर ओठ हलवण्याचं कामही गेलं असतं.

तीन वर्षांत बँड फुटला. डरेल ॲरिझोनाला गेला. तिथं कपडे आपोआप वाळतात. गाणं मात्र राहिलं. लांबलांबून माणसं लाँड्रीसमोर उभी राहून फोटो काढू लागली, आणि सैतानाच्या आवाजाला गावात हळूहळू मान आला. तेव्हा लव्होन पुढं सरसावली. लव्होन केस कापायचं दुकान चालवी आणि वृंदात पहिल्या रांगेत गाई. ती किंकाळी आपलीच, असं ती सांगू लागली.

"मी तेव्हा ड्रमवाल्याबरोबर फिरत होते ना!"

आइनोला राहवलं नाही. "ड्रमवाला त्या दिवशी नव्हताच. आणि आवाज माझा आहे."

कॉफीच्या टेबलावर हशा पिकला. लव्होन डोळे पुसत म्हणाली, "अगं आइनो, तुला देवासमोरसुद्धा नुसते ओठ हलवायला ठेवलंय!"

२०१० साली नगरपालिकेनं लाँड्रीच्या भिंतीवर पितळी पाटी लावायची ठरवली. स्टेन्सरुड आता म्हातारे झाले होते, आणि किंकाळी आता 'आपल्या गावचा वारसा' झाली होती. त्यांनी गाणं वृंदासाठी चार सुरांत बसवलं. हाक दिली लव्होनला.

"मग मी काय करू?" आइनोनं विचारलं.

"तुम्ही ओठ..."

"समजलं. त्यापेक्षा लाँड्री उघडी ठेवते. कुणाकुणाला कपडेही धुवायचे असतात."

समारंभाच्या दिवशी पाऊस होता. पाटी बघायला आलेल्या एका पाहुण्यानं आपलं भिजलेलं जाकीट सातव्या ड्रायरमध्ये टाकलं आणि तो बाहेर गर्दीत जाऊन उभा राहिला. आइनो फुरंगटून आत टॉवेलांच्या घड्या घालत बसली. बाहेर वृंदानं सूर धरला. हाकेची जागा आली. लव्होननं श्वास घेतला आणि गोड, नेटक्या आवाजात, शेजारणीला केक खायला बोलवावं तसं म्हटलं, "जळलं रे, न्या आता."

गर्दी कसनुसं हसली. त्याच क्षणी आत बदकाची मान पिरगळली गेली.

आइनोनं विचार केला नाही. विचार करायची सवयच नव्हती. शिट्टी वाजली, की तोंड उघडायचं.

"वाळलंऽऽ रे! न्या आताऽऽ!"

छपरावरचे समुद्रपक्षी एकदम उडाले. पुढच्या रांगेतला एक टकला गृहस्थ छातीवर हात ठेवून ओरडला, "हीच! हीच ती!" आणि सगळी गर्दी दरवाज्याकडे वळली. जाकीटवाला पाहुणा सगळ्यात शेवटी आत शिरू शकला.

स्टेन्सरुड काठी टेकत आत आले. "आइनो, हा तुमचा आवाज होता?"

"जाकीट वाळलं होतं."

"म्हणजे ते 'जळलं' नव्हतं? कधीच नव्हतं?"

"जळलं असतं तर भरपाई मला द्यावी लागली असती. मी 'न्या' कशाला म्हणेन?"

"पण पाटीवर 'जळलं' कोरून झालंय."

"राहू दे. आमच्याकडे कपडे जळतात, एवढंच गिऱ्हाइकांना वाटेल."

"रविवारी," स्टेन्सरुड म्हणाले, "शेवटचं 'आमेन' तुम्ही म्हणा. मोकळ्या आवाजात. बाकीच्या ओळींना मात्र..."

"ओठ. ठाऊक आहे."

रविवारी आइनो रौटियोनं आमेन म्हटलं. खिडकीची एक काच तडकली. ती आधीच तडकलेली होती, असं चर्चनं मोठ्या मनानं ठरवलं. लव्होननं कानातला कापूस काढून पर्समध्ये ठेवला. पुढच्या रविवारी तिनं तो पुन्हा आणला, कारण स्टेन्सरुडनी आमेन आइनोकडून काढून घेतलं नव्हतं.

हा सगळा प्रकार पेपरात वाचून डरेलनं ॲरिझोनाहून फोन केला. अभिनंदन केलं, पोटभर हसला, सातवा ड्रायर अजून चालतो का, तेही विचारलं.

पंचाहत्तर सेंट त्याच्याकडून अजून येणे आहेत.