उलटा चढलेला घसारा

वेल्ह्याच्या बाजारात हनुमंत मिस्त्रीचं गॅरेज वीस वर्षांपासून आहे. भोरचा प्रद्युम्न आपली जुनी जीप तिथं घेऊन आला, त्याला मोठे, खोल नक्षीचे टायर हवे होते. हनुमंतानं समजावलं की टायर वाढला की इंजिनाची ओढ कमी पडते आणि एक्सलवर ताण येतो. आधी एक्सलला फिरवणारे दातेरी गिअर, म्हणजे क्राउन-पिनियन बदलायचे, मग जाड एक्सल, टायर सगळ्यात शेवटी. पण सामान यायला दोन महिने लागणार होते. मग टायर पुण्यात बसवून घेतो, असं प्रद्युम्न म्हणाला. पुण्याचं नाव निघालं आणि हनुमंताला ते लागलं. त्यानं टायर चढवले.

भाद्रपदातल्या एका दुपारी दोघं गाडी पारखायला तोरण्याच्या अंगाच्या एका वाडीवर गेले. वाटेतला ओढा गाडीनं सहज पार केला. प्रद्युम्न खूश होता. हनुमंताला मात्र मागच्या चाकांकडून बारीक टकटक ऐकू येत होती. तो गप्प बसला.

वाडीत ठकुबाईला गवत कापताना घोणस चावली होती. हात कोपरापर्यंत सुजलेला. तिचा मुलगा अमृत तिला झोळीत घालून निघायच्या तयारीत होता, कारण रुग्णवाहिका ओढ्याच्या अलीकडं येत नव्हती. हनुमंतानं प्रद्युम्नकडून किल्ली मागून घेतली आणि ठकुबाईला मागं आडवं केलं.

ओढा ओलांडून पलीकडचा चिखलाचा घसारा चढताना खाडकन आवाज झाला. गाडी घसरत पाण्यात आली.

"काय झालं?" अमृतनं विचारलं.

"मागचा एक्सल तुटला."

मागच्या चाकांतली ओढ गेली होती. जीप चारही चाकांनी ओढणारी, त्यामुळं पुढची चाकं अजून फिरत होती, पण चढावर सगळा भार मागं जायचा आणि पुढची चाकं नुसती चिखल उडवायची. ठकुबाईला उलटी झाली. वर डोंगरात पाऊस होता, पाणी गढूळ होऊन वाढत होतं. हनुमंत विचार करू लागला, गाडी उलटी फिरवली तर? मग ओढणारी चाकं खालच्या अंगाला येतील, भार त्यांच्यावरच पडेल.

त्यानं पाण्यातच गाडी वळवली, उतरून चिखलात पकड यावी म्हणून पुढच्या टायरांतली निम्मी हवा सोडली आणि प्रद्युम्नला वर उभं राहून हात दाखवायला सांगितलं. मग रिव्हर्स टाकला. मान मागं वळवून, इंच इंच. मध्येच गाडी आडवी होऊ लागली, एका बाजूला खोल घळ. त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवला नाही, फक्त स्टेअरिंग जरासं सोडलं. चाकांनी खालचा मुरूम धरला. गाडी वर आली.

वेल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शन सुरू झालं. बाहेर प्रद्युम्न मान खाली घालून उभा होता, चूक माझी, म्हणत होता.

"तुमाला काय म्हाईत? मला म्हाईत हुतं," हनुमंत म्हणाला. "म्या न्हाई म्हणाय पायजे हुतं."

मग अमृतजवळ जाऊन त्यानं टकटकीचंही सांगून टाकलं. अमृत इतकंच म्हणाला, "आय वाचूद्या आदी."

ठकुबाई वाचली. नवव्या दिवशी घरी गेली, दोन बोटं मात्र अजून नीट वळत नाहीत. एक्सल आणि क्राउन-पिनियन येईपर्यंत हनुमंतानं जीप गॅरेजबाहेर काढू दिली नाही. प्रद्युम्नही एकदाही घाई कर म्हणाला नाही.