फुटपाथवरच्या खुर्च्या
लोखंडी घडीची खुर्ची उघडताना होणारी करकर ऐकली की मला लष्कर मोहल्ल्यातली ती संध्याकाळ आठवते. म्हैसूरच्या आम्हा जुन्या मराठी घरांच्या संघाचा हॉल अध्यक्षीणबाईंनी एका पक्षाच्या सभेला परस्पर देऊन टाकला होता, आणि सकाळपासून संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता शिमगा चालला होता. दुपारी बाईंनी ग्रुपच बंद केला. फक्त त्याच लिहू शकतील असा. मी संघाची चिटणीस, आता संघ फुटणार म्हणून जिवाला घोर लागला, आणि त्यांच्या कापडाच्या दुकानाकडे धावले तर बाई कोऱ्या कापडाचे गठ्ठे बाजूला सारून फुटपाथवर खुर्च्या मांडत होत्या. "सगळ्यांचं तोंड बंद केलंत तुम्ही," मी म्हणाले. "ग्रुप बंद केलाय गं, दुकान उघडंच आहे की." दिवेलागणीला एकेक जण येऊ लागला आणि प्रत्येकाला त्या म्हणत राहिल्या, "मोदलु, आधी कॉफी घ्या, मग भांडा." ग्रुपवर सर्वांत जास्त पेटलेले गृहस्थ कॉफीचा लोटा रिकामा करून खाली ठेवत म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही." बाई उठून उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. उद्या दोघं जाऊन पक्षवाल्यांना नाही म्हणून सांगू." आज ऑफिसात वाद पेटल्यावर तिथला ग्रुप मीही तसाच बंद केलाय, स्टोअरमधून लोखंडी खुर्च्या आणून केबिनमध्ये मांडल्यात, कॉफी निवत चाललीय, काचेपलीकडे दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे भराभर चाललेत, आणि माझ्या फोनवर काहीच येत नाही.