रंगूनची पोर

आंबेमोहराचा वास हल्ली पिशवीवर छापलेला असतो, आत नसतो. दुकानदार शपथेवर सांगतो, मी मुकाट्याने पिशवी घरी आणते आणि भात नेहमीसारखाच बिनवासाचा होतो. पण परवा सकाळी खालच्या बिऱ्हाडात कुणाच्या तरी माहेरून नवा तांदूळ आला असावा. पेज उकळू लागली आणि तो वास जिन्याने वर चढत आला. मी भाजी चिरत होते, ती तशीच टाकली आणि दारात जाऊन उभी राहिले. हा वास आला की मला आधी भूक लागते आणि मग वाईट वाटतं. या वयात दोन्ही एकदम सोसत नाही, पण सांगायचं कुणाला!

भऱ्याला, म्हणजे माझ्या गावी, आमच्या घरी पिकायचा भात आणि आम्ही खायचो नाचणीची भाकरी. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. तांदूळ विकायचा, पाहुण्याच्या ताटात वाढायचा, सणावाराला शिजवायचा, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. त्यामुळे ज्या साली आमच्या चुलीवर रोजच्या रोज आंबेमोहर रटरटायला लागला, ते साल आम्हा पोरांच्या पोटानेच लक्षात ठेवलं. साठच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, रंगूनहून कायमचे परत आले होते, आणि येताना पाचेक वर्षांची एक मुलगी बरोबर घेऊन आले होते. तिच्या गळ्याखाली भाकरी उतरत नव्हती, म्हणून हा भात.

तात्या अगदी लहान असताना आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं. थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, भऱ्याला येऊन जमीन धरली. तात्यांनी मोठे झाल्यावर मुंबईची वाट धरली आणि लढाई संपल्यावर आगबोटीने थेट रंगून गाठलं. तिथे तांदळाच्या गिरणीत ते फिटर होते. काकी मात्र भऱ्यालाच राहिली. नवरा तीन-चार वर्षांनी एकदा पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. तिची कूस रिकामीच राहिली. तिकडे गिरणीच्या चाळीत तात्यांच्या शेजारी एक ब्रह्मी जोडपं राहायचं. साथीच्या तापात आधी नवरा गेला, मग बायको, आणि जाताना तिने आपल्या लेकीचा हात तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तिकडच्या कचेरीत रीतसर कागद करून पोर दत्तक घेतली. परक्या मुलखातल्या माणसांना तिकडे राहणं कठीण होऊ लागलं, तेव्हा तिला घेऊन ते बोटीत बसले. एस.टी.तून उतरले तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हाताचं बोट तिने घट्ट पकडलेलं होतं.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते रुचायचं नाही. गाव तिला रंगूनची पोर म्हणायचं. काय गोड बोलायची ती! अखंड बोलायची आणि फक्त तात्यांशी बोलायची. वाक्याच्या शेवटी आवाज असा काही उंच न्यायची की प्रत्येक गोष्ट प्रश्नच वाटावी. तात्याही तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचे. आमच्याशी दिवसभरात चार शब्द न बोलणारा हा माणूस तिच्यापाशी बसला की खुलायचा, हसायचा, हातवारे करायचा. आम्ही सगळी पोरं पडवीत बसून तमाशा पाहावा तसं ते बोलणं पाहत असू. आयाबाया कसल्या ना कसल्या निमित्ताने येऊन विचारून जायच्या, "काय म्हंतीया वो?" मग तात्या सांगायचे, की ती म्हणते, तुमच्या गाईची शिंगं लई बारकी हायेत. सगळं अंगण हसायचं.

हसत नव्हती ती एक काकी. तिचे हाल मला तेव्हा कळले नाहीत, आता कळतात. इतक्या वर्षांनी नवरा घरी आला, मूल घरात आलं, आणि दोघं मिळून अशा एका घरात राहत होती जिथे हिला दारच नव्हतं. तिने काय करायचं बाकी ठेवलं नाही. विकायच्या कणगीतला तांदूळ रोज काढला. पोरीला गालांना पांढरी उटी लावायची सवय होती, तर सहाणेवर चंदन उगाळून दिलं. पण काकीने हात पुढे केला की पोर तात्यांच्या पाठीमागे. एका दुपारी भात झोडून सगळे घरी आले होते, तेव्हा काकी चुलीपुढे बसून माझ्या आईला म्हणाली, "जाऊबाई, ती माझ्याकडं बगत बी न्हाई." एवढंच बोलली आणि राखेत काडीने रेघा ओढत बसली.

माझी आई घरातली थोरली. सरळ स्वभावाची आणि सगळ्यांचं भलं करण्याची घाई असलेली. तिने तात्यांना तिथेच बोलावलं.

"भावजी, तुमी तिच्याशी त्या बोलीत बोलनं सोडा."

"सोडू म्हंजी?"

"नवी गाय आनली की काय करतो आपन? एकाच हातानं चारा घालतो. दुसऱ्यानं हाक बी मारायची न्हाई. तुमी बोलताय तवर ती हिच्याकडं कशापायी जाईल?"

"वैनी, ती गाय न्हाई."

"न्हाई ना? पन पोर हिची व्हाया नगं का? तुमाला लेक घावली, हिला कवा घावायची?"

तात्यांनी काकीकडे पाहिलं. काकी राखेतल्या रेघा पुसत होती. तिने वर पाहिलं असतं, एक शब्द बोलली असती, तर कदाचित पुढचं टळलं असतं असं मला वाटत राहतं. पण ती काय बोलणार? तिला ते हवंच होतं. इतकं हवं होतं की मागायची लाज वाटत होती. तात्या म्हणाले, "बरं. थोडं दिस." आणि उठून बाहेर गेले.

त्या संध्याकाळपासून तात्यांनी ती बोली मिटली. पहिल्या दिवशी पोरीला तो खेळच वाटला. ती हसली, त्यांच्या तोंडाकडे बोट करून काहीतरी म्हणाली, पुन्हा हसली. दुसऱ्या दिवशी ती मोठ्याने बोलू लागली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी. तात्या म्हणायचे, "जा, आयकडं जा." ते मुद्दाम लवकर शेतावर जाऊ लागले, झोडणी संपली तरी खळ्यावर काही ना काही उकरत बसू लागले. संध्याकाळी घरी येऊन पाय धुवायला उभे राहिले की ती धावत जाऊन त्यांचं बोट धरायची. आता तिची वटवट आटली होती. एकच लहानसं वाक्य उरलं होतं. ते ती रोज म्हणायची, एकदा, मान वर करून. त्याचा सूर अजून माझ्या कानात आहे. आम्ही समजायचो, घरी कधी जायचं असं विचारत असेल. दुसरं काय विचारणार? तात्या पाय धुवायचे आणि म्हणायचे, "जा, आयकडं जा."

आणि ती गेली. एका संध्याकाळी तात्या आले, त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पण पोर जागची हलली नाही. काकी भात वाढत होती, तिच्या पदराशी जाऊन बसली आणि तिच्या हातून जेवली. काकीचे डोळे भरून आले. आईने दुसऱ्या दिवशी नव्या तांदळाची खीर केली आणि सगळ्या आळीला सांगितलं, बघा, म्हटलं नव्हतं? आम्ही पोरांनी वाट्या चाटून पुसून खाल्ल्या. तात्यांनीही खाल्ली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती "हितं", "तितं", "लई ग्वाड" असं आमच्याहून ठसक्यात बोलू लागली. काकीला लेक मिळाली, आणि तिला आई मिळाली. ती दोघींची माया काकीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी पाहिली आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. म्हणूनच हे सगळं जास्त लागतं. त्या घरात कुणी दुष्ट असतं तर फार सोपं झालं असतं.

मी शिकायला पुण्याला आले आणि पुण्याचीच झाले. तिने गावातच संसार थाटला. काकी गेली, माझे आईवडीलही गेले, आणि तात्या पडवीतल्या बाजेवर उरले. ती रोज त्यांचं सगळं करायची. एकदा मी गेले होते तेव्हा आम्ही दोघी बाजेशेजारी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. बोलता बोलता मी तो सूर गुणगुणून दाखवला. ती हसली आणि सहज म्हणाली, "तात्या, अक्काला सूर बी याद हाय, मला कायबी न्हाई. काय म्हनायची वो मी तुमास्नी?"

तात्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"म्हनायचीस, म्या काय केलं? पुन्ना न्हाई करनार."

शेंगा सोलणारे माझे हात थांबले. तिचे नाही थांबले. तिने विचारलं, "आन मंग तुमी?"

"मी म्हनायचो, जा, आयकडं जा."

"मंग आता सांगा की. त्याच बोलीत सांगा."

"तुला कुटं कळनार आता?"

"न कळू दे. आयकू तर द्या."

तात्या कोपरावर रेलून उठले. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग ते परत आडवे झाले. "पोतं उचल, दोरी वड, भाव काय, ह्ये समदं येतंय," ते म्हणाले. "लेकराशी बोलायचं त्येवडं न्हाई येत गं. कुनाशी बोललोच न्हाई न्हवं." आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "तुजं कायबी चुकलं न्हवतं, बाय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिने त्यांच्या पायांवर गोधडी सारखी केली आणि पावटे शिजत घालायला आत निघून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तात्यांचं मन राखायला बोलली हे मला कळलं, बहुधा त्यांनाही कळलं.

त्यानंतर लवकरच तात्या गेले. माणसं म्हणतात, उशिरा का होईना, बोलून मोकळं व्हावं. मीही पुष्कळांना असं सांगितलं असेल. पण त्या दुपारी पडवीत मी डोळ्यांनी पाहिलं की वेळ गेला म्हणजे नुसता वेळच जात नाही, ज्याला सांगायचं ते माणूसही त्याच्याबरोबर जातं. तात्यांनी अखेर उत्तर दिलं, खरं दिलं, स्वच्छ मराठीत दिलं. पण ज्या पोरीने ते विचारलं होतं, तिला मराठी येत नव्हती.